संकेतस्थळाची हजेरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली पंचवीस-तीस वर्षे मी दुसरे काही केलेले नाही. पण मी विषय सांगितला तो असा : संकेतस्थळावर किती माणसे येतात हे मोजणारी जी मुक्त स्रोताची साधने आहेत, त्यांपैकी कोणते घ्यावे? चालकांपैकी एक गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे इंजिनियर लोकांचे काम नव्हे काय?" त्यांना जे उत्तर दिले तेच येथे देतो. हजेरी कोणी घ्यावी, ती कोणत्या वहीत लिहावी आणि ती वही कोणाच्या कपाटात राहावी, हा प्रश्न एकट्या इंजिनियरांचा कधीच नव्हता. कारखान्याच्या दारावर कामगार तो पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर, दहावीनंतर माझे शिक्षण शाळेत झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा यंत्राची बाजू मी जेवढी समजून घेतली आहे तेवढीच सांगेन, आणि ती साध्या शब्दांत सांगेन.

आपणांपैकी कोणी म्हणेल, आमचे काही संकेतस्थळ नाही, मग आम्हांला त्याचे काय? पण आपण ज्या पतसंस्थेत ठेव ठेवता तिचे संकेतस्थळ आहे. मुलांच्या शाळेचे आहे, वाचनालयाचे आहे, ज्या डॉक्टरांकडे आपण तपासणीचे कागद घेऊन जाता त्यांचेही असेल. आपल्याकडे किती लोक येतात हे जाणण्याची इच्छा या प्रत्येकाला असते, आणि ती गैर नाही. आमच्या संघटनेनेही काही वर्षांपूर्वी एक लहानसे संकेतस्थळ काढले. किमान वेतनाचे दर, भविष्यनिर्वाह निधीची माहिती, बुडालेली मजुरी मागण्याच्या अर्जाचा नमुना, असे पंधरा-वीस कागद त्यावर आहेत. ते बांधून देणारा तरुण आमच्याच एका सभासदाचा मुलगा. तो मला म्हणाला, "भाऊ, मोजणीसाठी गुगलचे लावून देतो. फुकट आहे, दोन ओळींचे काम आहे." मी विचारले, "वही कोणाकडे राहील?" तो म्हणाला, "गुगलकडे. पण तुम्हांला केव्हाही वाचता येईल." येथून आमचा शोध सुरू झाला.

प्रथम मोजणी होते कशी ते पाहू, कारण ते कळल्यावाचून निवड करता येत नाही. संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. आपण मोबाइलवर एखादे पान उघडता तेव्हा मोबाइल त्या सर्व्हरकडे मागणी करतो आणि सर्व्हर ते पान धाडतो. अशा प्रत्येक मागणीची एक ओळ सर्व्हर आपल्या रोजवहीत लिहितो. मागणी कोणत्या आयपी क्रमांकावरून आली, किती वाजून किती सेकंदांनी आली, कोणते पान मागितले, ते मिळाले की नाही, वाचक कोणत्या दुव्यावरून येथे पोहोचला आणि त्याचा ब्राउझर कोणता, इतके त्या एका ओळीत सामान्यतः असते. या रोजवहीला लॉग म्हणतात. मोजणीचा जुना मार्ग म्हणजे ही वही वाचून बेरजा करणे. १९९० नंतरच्या दशकात निघालेली ॲनालॉग आणि वेबलायझर ही साधने आणि त्यांच्यामागून आलेले एडब्ल्यूस्टॅट्स हेच करीत. आजचे गोॲक्सेस हे साधनही त्याच घराण्यातले आहे.

दुसरा मार्ग असा की, पानातच एक चिमुकली स्क्रिप्ट ठेवून द्यायची. पान उघडले की ती वाचकाच्या मोबाइलमध्ये चालते आणि अमुक पान उघडले गेले असे कोठेतरी कळवते. गिरणीतल्या बिल्ल्यासारखी एक खूणही ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवू शकते. तिला कुकी म्हणतात. उद्या तोच ब्राउझर आला की बिल्ल्यावरून ओळख पटते. आता ही स्क्रिप्ट जे कळवते ते कोठे कळवते? आपल्याच सर्व्हरला, की सातासमुद्रांपलीकडच्या एखाद्या कंपनीला? निवडीचा निम्मा प्रश्न येथेच आहे.

या दुसऱ्या मार्गाचा थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत अर्चिन नावाची एक कंपनी होती. २००५ साली गुगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचेच साधन गुगल ॲनालिटिक्स या नावाने सर्वांना फुकट दिले. आपणांस व्हॉट्सॲपवर जे लांबलचक दुवे येतात त्यांच्या शेपटीला पुष्कळदा यूटीएम अशी अक्षरे असतात. त्यांतला यू हा त्या अर्चिनचा. कंपनीचे नाव पुसले गेले, पण दुव्याच्या शेपटीत एक अक्षर राहिले, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. फुकट आणि सोयीचे म्हणून ते जगभर पसरले. मग १ जुलै २०२३ रोजी कंपनीने आपली जुनी आवृत्ती बंद केली आणि त्यानंतर वर्षाभराने जुने आकडे पाहण्याची वाटही बंद केली. ज्यांनी आपली दहा वर्षांची मोजणी वेळीच उतरवून घेतली नव्हती त्यांची वही गेली. कंपनीने आगाऊ सूचना दिली होती, तेव्हा फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. परक्या कपाटात ठेवलेल्या वहीचे असेच व्हायचे.

वही जाणे हे नुकसान झाले खरे, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. आमच्या संकेतस्थळावरचे एक पान बुडालेली मजुरी मागण्याविषयीचे आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या वसाहतीतला एखादा कंत्राटी कामगार रात्री घरी जाऊन ते पान उघडतो. अजून त्याने कोणाला काही सांगितलेले नाही. आमच्या कार्यालयाची पायरीही तो चढलेला नाही. त्याच्या मनात काय चालले आहे हे त्याच्या बायकोलाही कदाचित ठाऊक नसेल. अशा वेळी त्या पानात परक्याची स्क्रिप्ट असेल तर त्या परक्याला तेव्हाच कळते की या ब्राउझरवरून, या गावातून, या वेळी, हे पान उघडले गेले. नव्या आवृत्तीत आयपी क्रमांक साठवत नाही असे गुगल सांगते, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. पण ज्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून ते पान उघडले, त्याची बातमी तिसऱ्या घरी पोहोचवण्याचा मला अधिकार कोणी दिला? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदांची यादी ठेवायला लावली. आमच्या आधीच्या पिढीने त्या यादीला जिवापाड जपले, कारण ती मुकादमाच्या हाती पडली की दुसऱ्या दिवशी कोणाचा बिल्ला फळीवर दिसणार नाही हे त्यांना माहीत होते. संकेतस्थळाच्या लॉगमध्ये नावे नसतात हे खरे. तरीही तो त्याच जातीचा कागद आहे.

मोजणी वेगळी आणि पाळत वेगळी, हे या नागपुरात सांगायला लांबचे उदाहरण नको. आपल्या महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. २०२० च्या सुमारास नागपूरबरोबर चंदीगड, पंचकुला वगैरे शहरांतल्या या घड्याळांची देशभर चर्चा झाली. कामावर न येताच हजेरी लागते, एकाच्या जागी दुसराच राबतो, ही पालिकांची तक्रार होती आणि ती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्या तक्रारीला उत्तर म्हणून कामाला आला किंवा नाही एवढे कळले असते तरी पुरे होते. घड्याळाने माणूस कोठे उभा आहे, कोठे बसला आहे, हेही कळू लागले. पाणी प्यायला बाजूला झालो तरी मजुरी कापली जाईल की काय, अशी धास्ती कामगारांनी बोलून दाखवली. प्रश्न होता हजेरीचा आणि साधन आले पाळतीचे. साधन जेवढे देऊ शकते तेवढे सगळे घ्यायचे, असे ठरले की असेच होते.

कायद्याने याला काही आधार दिला आहे काय? दिला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र लिहिले. पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. त्यांतली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. युरोपात यापूर्वीच वाद झाला. २०२२ च्या आरंभी ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या अधिकाऱ्यांनी गुगल ॲनालिटिक्समुळे वाचकांची माहिती अमेरिकेला जाते म्हणून आक्षेप घेतला. नंतर जुलै २०२३ मध्ये युरोप-अमेरिका यांच्यात नवी व्यवस्था झाली, म्हणून तो आक्षेप आहे तसाच येथे मांडणे बरोबर होणार नाही. पण त्या वादामुळे लहान-लहान संस्था मुक्त स्रोताच्या साधनांकडे वळल्या, आणि आज आपणांपुढे निवडीला पाच-सहा चांगली नावे आहेत.

मुक्त स्रोत म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगतो. ज्या साधनाची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते ते. परवान्यांत फरक असतात. उमामी हे साधन एमआयटी परवान्याचे, म्हणजे जवळजवळ काही अट नाही. माटोमो जीपीएलचे, म्हणजे बदलून दुसऱ्याला द्याल तर बदलही उघडे ठेवा. प्लॉझिबल २०२० पासून एजीपीएलचे. तेथे अट आणखी कडक आहे. साधन बदलून त्याची सेवा इंटरनेटवरून देणाऱ्यालाही आपले बदल उघड करावे लागतात. लहान संस्थेला साधन नुसते वापरायचे असेल तर या फरकाने फारसे अडत नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. मुक्त आहे म्हणून ते सज्जन आहे, असा एक भाबडा समज मी तरुण मंडळींत पाहतो. वाचक पानावर बोट कोठे फिरवतो आणि कोठे थांबतो याचे चित्रण करणारी जोडसाधने माटोमोलाही विकत मिळतात. संहिता वाचता येते म्हणून पाळत ही पाळत राहत नाही असे थोडेच आहे!

आणि पाळतीचा मोह मालकालाच होतो असेही नाही. आमच्या कार्यकारिणीतल्या एका जुन्या, सच्च्या सहकाऱ्याने एकदा सुचवले की, संपाच्या नोटिशीचे पान उघडण्यापूर्वी सभासदाला आपला क्रमांक घालायला लावावा. म्हणजे नोटीस कोणी वाचली आणि कोणी वाचली नाही हे आपल्याला कळेल. हेतू वाईट नव्हता. न वाचणाऱ्यांच्या घरी जाऊन सांगावे, एवढेच त्याच्या मनात होते. मी म्हटले, "दादा, उद्या ही यादी चुकीच्या हाती गेली तर? आणि न वाचणाऱ्यांची यादी आपणच एकमेकांना दाखवू लागलो तर?" बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी ठरले की पान उघडे ठेवायचे, किती वेळा वाचले गेले ते मोजायचे, आणि घरोघरी जायचे असेल तर सगळ्यांच्याच घरी जायचे. त्या दिवशी साधनाची अर्धी निवड होऊन गेली.

आता साधनांकडे येतो. माटोमो हे यांत सर्वांत मोठे. २००७ साली ते पिविक या नावाने निघाले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या, भाड्याच्या जागेवरही ते बसते, म्हणून लहान गावातल्या संस्थेलाही ते परवडते. त्यात कुकी बंद करता येते आणि आयपी क्रमांकाचा शेवटचा भाग पुसता येतो. मात्र कुकी ज्याने आवर्जून बंद केली त्याच्याच घरी ती बंद होते. त्यात अहवाल इतके आहेत की नवखा माणूस त्यांत हरवतो. प्लॉझिबल एस्टोनियातल्या माणसाने २०१९ मध्ये सुरू केले. त्याची स्क्रिप्ट अगदी हलकी आहे, आणि खेड्यातल्या मंद जोडणीवर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ते कुकी ठेवत नाही. आयपी क्रमांक, ब्राउझरचे नाव, संकेतस्थळाचे नाव आणि एक गुप्त आकडा एकत्र कांडून ते एक खूण बनवते आणि तो गुप्त आकडा रोज फेकून देते. त्यामुळे कालच्या माणसाची आजच्याशी सांगड घालता येत नाही. पण स्वतःच्या यंत्रावर चालवायचे तर त्याला बऱ्यापैकी सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो, आणि पैसे भरून मिळणाऱ्या सेवेतल्या काही सोयी फुकट आवृत्तीत नाहीत. उमामी त्याच वळणाचे आहे. गोटकाउंटर हे आणखी लहान. एका फाइलमध्ये सारे साधन मावते. आणि गोॲक्सेस लॉगच वाचत असल्यामुळे पानात काहीच घालावे लागत नाही. वाचकाच्या मोबाइलवर एका अक्षराचा भार पडत नाही. आयपी क्रमांक झाकून अहवाल काढण्याची सोय त्यात आहे.

यांतले उत्तम कोणते, असे मला विचाराल तर उत्तर देणार नाही. आपला प्रश्न काय आहे ते आधी सांगा, असे म्हणेन. एम्प्रेस मिलची एक गोष्ट येथे आठवते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही गिरणी २००२ साली बंद झाली, पण तिची आठवण इतवारीपासून इंदोऱ्यापर्यंत घराघरांत आहे. त्या काळी सूत कातायला म्यूल नावाचे यंत्र असे आणि लँकेशायरच्या कारखानदारांचा त्यावर पक्का विश्वास होता. अमेरिकेकडून रिंग फ्रेम आली तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी नाक मुरडले. टाटांनी १८८० च्या दशकात थोड्या फ्रेम मागवून त्या नागपुरात चालवून पाहिल्या. आपल्या कापसावर, आपल्या हवेत आणि आपल्या माणसांच्या हाती सूत किती निघते याचा हिशेब केला आणि मगच जुनी यंत्रे काढली. टाटांशी आमचे पुढे काय भांडण होते ते आज सोडून देऊ. साधन निवडण्याची ही रीत मात्र मला पटते.

म्हणून आम्ही माटोमो आणि गोॲक्सेस ही दोन्ही आमच्याच संकेतस्थळावर एक महिना शेजारी-शेजारी चालवली. माटोमोत कुकी बंद ठेवली. पहिल्याच आठवड्यात दोन्ही आकडे जुळेनात. लॉगवाल्याचा आकडा कितीतरी मोठा. कार्यकारिणीतली मंडळी खूष झाली, त्यांना मोठा आकडा खरा वाटला. पण लॉगमध्ये यंत्रांच्याही मागण्या असतात. शोधयंत्रांचे, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे, स्वयंचलित फेरीवाले रात्रंदिवस पाने उचलत फिरतात. जे आपले नाव खरे सांगतात ते वगळता येतात. जे माणसाचे सोंग घेतात ते राहतात. उलट माटोमोच्या बाजूने पाहावे तर, ज्यांच्या ब्राउझरमध्ये अशा स्क्रिप्ट रोखण्याची सोय आहे ते वाचक त्याच्या मोजणीत येतच नाहीत. एक जास्त मोजतो, एक कमी मोजतो. खरा आकडा मध्ये कोठेतरी आहे आणि तो कोणालाच ठाऊक नाही.

वाचक या शब्दाचीही तीच कथा. मोबाइल कंपन्या एका आयपी क्रमांकामागे शेकडो ग्राहक बसवतात. तेथे शेकडो माणसे एकच दिसू शकतात. उलट एकच माणूस कामावर एका मोबाइलवरून आणि घरी मुलाच्या मोबाइलवरून आला तर तो दोन होतो. रोज खूण पुसणाऱ्या साधनात महिन्यातून पाच दिवस येणारा माणूस महिन्याच्या बेरजेत पाच माणसे म्हणून येतो. तेव्हा वार्षिक अहवालात 'आमचे इतके हजार वाचक' असे छापणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, पाने किती वेळा उघडली गेली तेवढेच छापावे आणि तीच रीत दर वर्षी पाळावी. एकाच मापाने मोजत गेले तर वाढ की घट हे कळते. तेवढे कळले की पुष्कळ झाले. मराठी विकिपीडिया पाहा. २००३ साली सुरू झालेल्या त्या ज्ञानकोशातले कोणतेही पान कोणत्या दिवशी किती वेळा उघडले गेले हे आपण कोणीही पाहू शकता, मोजणी उघड्यावर आहे. पण वाचले कोणी, हे आपणांस तेथे कळणार नाही.

महिन्याअखेरीस आम्ही विचारले की, या दोन साधनांनी आपल्याला करण्यासारखे काय सांगितले? माटोमोने सुंदर आलेख दिले. कोणत्या शहरातून, कोणत्या आकाराच्या पडद्यावरून, पानावर किती वेळ. यांतल्या कशानेही आमचे काम बदलणार नव्हते. गोॲक्सेसच्या अहवालात एक रूक्ष यादी होती : मागितलेली पण न मिळालेली पाने. तीत सर्वांत वर आमचाच एक जुना कागद होता. महाराष्ट्रात किमान वेतनावरच्या विशेष भत्त्याचे दर सहा-सहा महिन्यांनी जाहीर होत आले आहेत. नवे दर आले की आम्ही जुना कागद काढून नवा नव्या नावाने ठेवत होतो, आणि लोक कोणीतरी व्हॉट्सॲपवर धाडलेल्या जुन्या दुव्यावरून येऊन रिकाम्या हाताने परत जात होते. आम्ही कागदाचे नाव कायमचे एकच ठेवले. दुसरी गोष्ट कळली ती वेळेची. लोक रात्री साडेदहानंतर येतात, म्हणजे दुसरी पाळी सुटून घरी पोहोचल्यावर. त्याप्रमाणे आम्ही सल्ल्याच्या दूरध्वनीची वेळ आठवड्यातून दोन दिवस रात्री ठेवली. ही दोन्ही कामे एका माणसालाही न ओळखता झाली. आम्ही गोॲक्सेस ठेवले आणि माटोमो काढून टाकले.

याचा अर्थ प्रत्येकाने तसेच करावे असा नव्हे. एखाद्या नियतकालिकाला कोणता लेख वाचला गेला आणि वाचक कोणत्या दुव्याने आला हे रोज पाहायचे असेल तर प्लॉझिबल किंवा उमामी त्याला अधिक सोयीचे पडेल. मोठी शिक्षणसंस्था असेल, तिच्याकडे पगारी जाणकार असेल, प्रवेशअर्ज कोणत्या पायरीवर अडतात हे तिला पाहायचे असेल, तर माटोमो घ्यावे, मात्र कुकी बंद करून घ्यावे. वाचनालयाला बहुधा गोटकाउंटर पुरेल. आणि ज्या संस्थेत साधन वेळोवेळी अद्ययावत करणारा एकही माणूस नाही तिने यांतले काहीच स्वतःच्या यंत्रावर बसवू नये. जुने पडलेले साधन म्हणजे मागचे उघडे दार. तिने यांपैकीच एखाद्याची पैसे भरून मिळणारी सेवा घ्यावी. वही परक्याकडे जाईल, पण निदान ती कोणाकडे आहे आणि किती दिवसांसाठी आहे हे करारात लिहून घेता येईल. फुकटच्या हट्टापायी नुकसान करून घेणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचा विचार होता की कच्चा लॉग महिन्याभराने पुसून टाकावा, फक्त बेरजा ठेवाव्यात. पण २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने निर्देश काढले. त्यांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्या, निगम संस्था वगैरेंना आपल्या यंत्रांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे भाग आहे. २०२५ च्या नियमांत तर वर्षभराची गोष्ट आहे. चोरी किंवा घुसखोरी झाली तर तपास करता यावा, हा त्यामागचा हेतू मी समजू शकतो. पण एक कायदा सांगतो की लागेल तेवढीच माहिती ठेवा आणि काम झाले की पुसा, आणि दुसरा सांगतो की ठेवा, कदाचित लागेल. नोंदणी झालेली कामगार संघटना १९२६ च्या कायद्याने निगम संस्था ठरत असे. मग हे निर्देश तिला लागू होतात की होत नाहीत? दोन वकिलांना विचारले, दोन उत्तरे मिळाली. तूर्त आम्ही असे केले आहे. मोजणीचा अहवाल रोज निघतो, त्यात आयपी क्रमांक झाकलेले असतात आणि तो कार्यकारिणीत कोणीही पाहावा. कच्चा लॉग वेगळ्या जागी कुलूपबंद आहे. तो उघडायला दोघांचे परवलीचे शब्द लागतात, एक त्या तरुणाचा आणि दुसरा आमच्या खजिनदारबाईंचा. उघडला तर का उघडला हे इतिवृत्तात लिहावे लागते. १८१ व्या दिवशी जुनी ओळ आपोआप पुसली जाते. मला तो उघडता येत नाही आणि तसे मीच मागून घेतले आहे. वर्षभराचा नियम लागू झाला म्हणजे १८१ चा आकडा बदलावा लागेल की काय, हे येत्या बैठकीत ठरायचे आहे. सभागृहात वकील मंडळी बसलेली दिसतात, त्यांपैकी कोणाला यावर काही सांगता आले तर व्याख्यानानंतर मी येथेच थांबलेलो आहे.